मोठी गाडी घेताय? मग बॉनेटखालीही डोकावा!

घरात मिक्सर घ्यायचा ठरला की आपण चार दुकानं पालथी घालतो. मोटर किती वॅटची, भांडी कसली, गॅरंटी किती वर्षांची, शेजारणीचा कसा चाललाय, अशी सगळी चौकशी होते आणि मगच पर्समधून पैसे बाहेर पडतात. फ्रीजचं तसंच. कुकरची शिट्टीसुद्धा आपण हातात घेऊन उलटसुलट करून बघतो. पण मैत्रिणींनो, वीस-पंचवीस लाखांची गाडी दाराशी यायची असते तेव्हा आपल्याला एकच प्रश्न विचारला जातो : ‘‘रंग कुठला घ्यायचा?’’ तोही बहुधा ठरलेलाच असतो.

आमचं ओतूर जुन्नर तालुक्यात, कल्याण-नगर रस्त्यावर. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी बोलण्यात रस्ता अजून नगरचाच आहे.) पूर्वेला आळेफाटा, पश्चिमेला माळशेज घाट. कांद्याला आणि टोमॅटोला लागोपाठ दोन हंगाम बरा भाव मिळाला की गावात आधी ट्रॅक्टरचे हप्ते फिटतात, मग घरावर स्लॅब पडतो आणि मग दारात एक उंच, रुंद, चकचकीत गाडी उभी राहते. पूर्वी अशा गाडीला सरसकट जीप म्हणत. आता एसयूव्ही म्हणायचं. आमच्याकडेही गेल्या दिवाळीपासून भाऊजींच्या मनात टाटा सफारी भरली आहे. सासूबाईंना तिचं उंच पायदान पसंत नाही, मुलांना तिच्या छपराची काच पसंत आहे आणि यांना मनातून हवी आहे पण खर्च दिसतो आहे!

आम्ही सगळे एका शोरूममध्ये गाडी बघायला गेलो. मी विक्रेत्या मुलाला विचारलं, ‘‘हिचा सांगाडा वेगळा आहे की सगळी बॉडी एकसंध आहे?’’ प्रश्न माझा होता, उत्तर मात्र तो भाऊजींच्या तोंडाकडे बघून देऊ लागला. आणि मला काय दाखवलं? आरशाभोवतीचा दिवा आणि सीटच्या कापडाची शिलाई. मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि शाळेत अर्धवेळ शिकवते, इंजिनिअर नाही. पण जिच्या मागच्या सीटवर आपली मुलं बसणार, तिच्याबद्दल विचारायला पदवी कशाला लागते?

शिवाय ही गाडी जोडते कोण, ते ऐका. पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या दोन मोठ्या गाड्यांची जुळणी करणारी एक अख्खी साखळी स्त्रियाच चालवतात. २०२३ साली कंपनीने तिथे काम करणाऱ्या स्त्रियांचा आकडा दीड हजाराच्या घरात सांगितला होता. त्यांत कितीतरी मुली नुकत्या बारावी झालेल्या, महाराष्ट्राच्या गावागावांतून आलेल्या. आणि याच कंपनीचा जुना किस्सा तुम्हाला ठाऊक असेलच. १९७४ साली टेल्कोने इंजिनिअर पाहिजेत अशी जाहिरात दिली आणि स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी तळटीप टाकली. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून जाब विचारला, आणि पुण्याच्या कारखान्यात त्यांची नेमणूक झाली. एका पोस्टकार्डापासून दीड हजार मुलींपर्यंत मजल गेली. तेव्हा ‘तुला त्यातलं काय कळतंय’ असं कुणी म्हटलं, तर हे खुशाल सांगा.

आता मूळ प्रश्न, सांगाड्याचा. बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. खाली जाड लाकडांची चौकट, तिला आस आणि चाकं, आणि वर बसवलेली साटी. साटी काढून ठेवली तरी गाडी चालेल. जुन्या जीपगाड्या अशाच असत. खाली शिडीसारखी दोन लांब लोखंडी तुळयांची फ्रेम, वर बॉडी बोल्टांनी आवळलेली. १९९८ साली आलेली पहिली सफारीही याच जातीची. अशी गाडी दणकट खरी. खड्डे, माती, ओझं सगळं सोसते. पण जड असते, उंच असते, आणि टक्कर झाली की ती ताठ फ्रेम धक्का गिळत नाही, आत बसलेल्यांकडे पाठवते.

२०२१ साली सफारी हे नाव घेऊन जी गाडी आली ती वेगळी. तिला खाली वेगळी फ्रेम नाही. आपली लग्नातली पत्र्याची ट्रंक आठवा. तिला आत सांगाडा असतो का? पत्र्यालाच घड्या, कडा, कोपरे पाडून बळकटी आणलेली असते. सफारीची बॉडी अशीच, सगळी मिळून एक पेटी. मात्र पत्रा जागोजागी निरनिराळ्या ताकदीचा. माणसं बसतात तो मधला भाग अतिशय कठीण पोलादाचा, आणि नाकाकडचा भाग मुद्दाम चुरगळेल असा. पुष्कळांना वाटतं, अपघातात गाडीचं नाक चेपलं म्हणजे गाडी कचकड्याची. उलट आहे, बायांनो! नाक चेपलं म्हणून आतली माणसं वाचतात. धक्का कुठेतरी जिरायला हवा ना? तो पत्र्यात जिरला नाही तर बरगड्यांत जिरणार.

ही पेटी आली कुठून याचीही गोष्ट आहे. २००८ साली टाटांनी इंग्लंडची जग्वार लँड रोव्हर ही कंपनी विकत घेतली. पहिली लँड रोव्हर १९४८ सालची. महायुद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती म्हणून तिला अॅल्युमिनियमचा पत्रा लावला. मग १९७० साली याच घराण्यात रेंज रोव्हर जन्मली. आज जिला श्रीमंतांची गाडी म्हणतात ना, तिच्या पहिल्या अवतारात सीटा प्लॅस्टिकच्या होत्या आणि आतली जमीन शेतावरून आल्यावर पाण्याच्या नळीने धुता येत असे. (मला विचाराल तर ही खरी चैन. आपल्या गालिचेवाल्या गाडीतून वांत्यांचा वास काढायचा म्हणजे काय ते आपल्यालाच ठाऊक.) मोठेपणा तिच्या पोटात होता. इंजिनचा जोर कायम चारही चाकांना, पट्ट्यांच्या पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्या काळात रानात चालणाऱ्या गाडीला एवढं सगळं कुणी देत नव्हतं. पुढे तिच्यात कातडं आलं, लाकूड आलं, हवेवर तरंगणारी सस्पेन्शन आली, आणि २०१२ साली तर अख्खी बॉडीच अॅल्युमिनियमची केली.

ही गाडी मुख्यतः इंग्लंडात जोडली जात असे. २०२४ साली कंपनीने ते काम पुण्यात आणलं. आमच्या ओतूरपासून शंभरेक किलोमीटरवर आता ती जुळते. पण तिची किंमत तेव्हाच दोन कोटींच्या वर सांगितली होती, तेव्हा ती आपण लांबूनच बघू. आपल्या कामाची गोष्ट अशी, की हॅरियर आणि नवी सफारी यांचा पाया लँड रोव्हरच्याच एका पायावरून घडवला आहे. म्हणजे थोरल्या घरची कात्रण घेऊन धाकट्या घरचं पोलकं शिवलं. पोलकं चांगलं बसलं आहे, यात वाद नाही. फक्त शोरूममध्ये कुणी ‘ही म्हणजे रेंज रोव्हरच हो’ म्हणालं तर एक विचारा, ‘‘जोर किती चाकांना?’’ डिझेल सफारीत इंजिनचा जोर पुढच्या दोन चाकांनाच जातो. डॅशबोर्डवर ओला रस्ता, खडबडीत रस्ता असं निवडायचं बटण असतं, पण ते मागच्या चाकांना जोर देत नाही. पुढचं चाक फिरतंय की घसरतंय एवढंच सांभाळतं. भर पावसात मळ्यातल्या काळ्या मातीत घालायची असेल, तर ही ती गाडी नव्हे. तिथे ट्रॅक्टर आहेच. रस्त्याची गाडी म्हणून घ्या, रुसवे राहणार नाहीत.

आता इंजिन. पुरुषमंडळी ‘एकशे सत्तर हॉर्सपॉवर’ असं छाती फुगवून सांगतात. १९९८च्या सफारीचं डिझेल इंजिनही जवळपास दोन लिटरचंच होतं आणि ताकद साधारण निम्मी. मग दोन लिटरच्या पोटातून एवढी ताकद येते कुठून? चुलीपाशी बसलेल्या बाईला हे पटकन कळेल. लाकडं तेवढीच ठेवून जाळ वाढवायचा तर काय करतो आपण? फुंकणी घेतो. इंजिनची फुंकणी म्हणजे टर्बो. धुराड्यातून बाहेर पडणारा गरम धूर एक लहानशी चक्री फिरवतो आणि ती चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते ती! दुसरी युक्ती डिझेल फवारण्याची. आपल्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेहून साधारण एकपट जास्त दाब असतो. या इंजिनात डिझेलची धार हजारपटीहून जास्त दाबाने, केसासारख्या बारीक भोकांतून सोडतात. तिचं धुकं होतं, आणि धुकं नीट जळतं.

पण घरच्या उपयोगाचा आकडा हॉर्सपॉवरचा नाहीच. तो टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा. सफारीचा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर. कोड्यात बोलत नाही : एक मीटर लांब दांडा आडवा धरून त्याच्या टोकाला पस्तीस किलोचं पोतं लटकवलं तर आसाला जेवढा पीळ बसेल, तेवढा. आणि हा जोर इंजिन मिनिटाला १७५० फेऱ्यांवर असतानाच पुरा मिळतो, २५०० पर्यंत टिकतो. म्हणजे इंजिनला किंचाळवावं लागत नाही. नाशिक रस्त्यावर कांद्याच्या ट्रकला मागे टाकताना किंवा सात माणसं घेऊन घाट चढताना हे कामाला येतं. गाडी हलकीशी वाटते, कष्ट जाणवत नाहीत.

आणि इथेच सगळी गोम आहे. गाडीला कष्ट जाणवत नाहीत म्हणून चालवणाऱ्याला वेग जाणवत नाही. काचा बंद, एसी गार, गाणी चालू. काटा साठचा ऐंशी कधी झाला कळतच नाही. साठावरून ऐंशीवर जाताना वेग दीडपटही झाला नाही असं वाटेल, पण गाडी थांबवताना ब्रेकना जी ताकद जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. शाळेतल्या पाढ्याइतकं सोपं गणित आहे हे. ‘हे’ गाडी चालवत असताना मी मधूनच काट्याकडे बघते, तर त्यांना वाटतं मी घाबरते!

उतरणीचं तर वेगळंच. माणसं-सामानासकट ही गाडी सव्वादोन टनांची होते. एवढं वजन शंभर मीटर उंची उतरतं तेव्हा जी उष्णता निघते, तिच्यात सात लिटर साधं पाणी उकळून निघेल. दर शंभर मीटरला सात लिटरचं पातेलं! माळशेजसारखा घाट उतरताना अशी किती पातेली उकळली ते मोजा, आणि ती सगळी उष्णता चार चाकांतल्या चार तबकड्यांत जाते, जर चालवणारा सारखा ब्रेकवरच पाय ठेवून उतरत असेल तर. ब्रेकचे गुटके तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेकऑइलमध्ये कालांतराने हवेतली ओल शिरलेली असते. ती तापून वाफ झाली की पाय दाबला तरी पेडल रिकामं खाली जातं. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरायचा, दुसऱ्या-तिसऱ्यात. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ऑटोमॅटिक गाडीत गिअर आपोआप पडतात म्हणून हे विसरायला होतं. त्या गाडीतही गिअर हाताने खाली आणून धरायची सोय असते, ती घाटात वापरायला सांगा. ब्रेकऑइल दर दोन वर्षांनी बदललं की नाही, हे सर्व्हिसिंगच्या बिलात बघायचं. तेल, साबण, डाळीची बिलं तपासतो तसंच.

पावसाळ्यात माळशेजला धुकं उतरतं तेव्हा चारही इंडिकेटर लुकलुकवत गाड्या चालतात. ते करू नका, करू देऊ नका. चारही इंडिकेटर म्हणजे गाडी उभी आहे अशी खूण. मागच्याला कळतच नाही की चाललोय, थांबलोय की वळतोय. दिवे खाली, धुक्याचे दिवे लावलेले आणि वेग कमी, बस. आणि धबधबा बघायचा तर दरडीखाली गाडी उभी करून नव्हे.

उंच गाडीचा दुसरा स्वभाव कलण्याचा. डोक्यावर एक हंडा घेऊन वळणं आणि तीन घेऊन वळणं यातला फरक पाणी भरलेल्या बाईला सांगायला नको. वजन जितकं वर, तितकी वळणावर ओढ जास्त. सफारीत ईएसपी नावाची सोय आहे. गाडी आपल्या मार्गावरून घसरते आहे असं जाणवलं की ती नेमक्या एकाच चाकाला आपोआप ब्रेक लावून गाडी सरळ करते. फार गुणाची गोष्ट. पण छपरावर कॅरिअर बांधून त्यावर कांद्याच्या गोण्या ठेवल्या तर ईएसपी बिचारी काय करणार?

तिसऱ्या ओळीत, म्हणजे अगदी मागे, कोण बसणार हे घरोघर ठरलेलं असतं : मुलं, नाहीतर आपण. ती जागा मागच्या चाकांच्या जवळपास वर येते, म्हणून खड्डा तिथे जास्त लागतो आणि घाटात पोट ढवळतं. ज्या मुलाला गाडी लागते त्याला मधल्या ओळीत बसवा आणि मोबाइल काढून घ्या, लांबचा रस्ता दिसू द्या. तिन्ही ओळी वापरल्या तर सामानाला मागे जागा जेमतेम दोन पिशव्यांची उरते. तेव्हा सात माणसं आणि सात माणसांच्या बॅगा हे जमत नाही. माहेरी निघताना हे आधीच हिशेबात घ्या. आणि बॅगांवर सुटा मिक्सर, सुटा डबा, स्टोव्ह असलं काही रचू नका. गाडी एकदम थांबली की ते थांबत नाही, मानेवर येतं.

आता जे सर्वांत महत्त्वाचं, ते सांगते. २०२३च्या ऑक्टोबरात ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने नवी सफारी आपटून पाहिली. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३४ पैकी ३३.०५ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी ४५ गुण, दोन्हींत पाच तारे. आमच्या शाळेत असे गुण मिळाले तर पेढे वाटतात. पण ही परीक्षा कशी घेतात? आतल्या सगळ्या बाहुल्यांना पट्टे बांधलेले असतात. मुलांच्या बाहुल्या मुलांच्या खास सीटमध्ये बसवलेल्या असतात. म्हणजे पाच तारे पट्टा बांधलेल्यांना मिळालेत. पट्टा न बांधलेल्या बाईला आणि तिच्या मांडीवरच्या बाळाला किती तारे, ते कुणी मोजलेलंच नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले, ते तुम्हाला आठवत असेल. गाडी जर्मन कंपनीची, भारी एसयूव्ही, परीक्षेत पाच तारे मिळवलेली. चौघांपैकी पुढच्या सीटवरचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे बांधले नव्हते, असं तपासाच्या बातम्यांत आलं. मागची सीट म्हणजे आपली सीट हो!

ताशी पन्नासच्या वेगात गाडी आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडणं. त्या क्षणी मांडीवरच्या दहा किलोच्या बाळाचं ओझं हातांना वीस-तीसपट लागतं, दोनशे-तीनशे किलो. कांद्याच्या चार ते सहा गोण्या! ‘मी घट्ट धरलं असतं’ असं आपण म्हणतो. नाही धरता येत. पहिलवानालाही नाही. आणि आईने पट्टा बांधलेला नसेल तर तीच बाळावर जाऊन आदळते. म्हणून पंचवीस लाखांत आणखी थोडे हजार घालून मुलाची सीट घ्या. मधल्या ओळीत गादीच्या फटीत लोखंडी कड्या असतात, आयसोफिक्स म्हणतात त्यांना. त्यांत ही सीट खटकन बसते. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची, आणि एअरबॅग चालू असेल तर पुढच्या सीटवर कदापि नाही. कारण एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी उघडते आणि तिचा फटका बाळाला सोसत नाही. आमच्या सासूबाईंचं म्हणणं, ‘‘आमची पोरं काय अशी वाढली?’’ नाही वाढली. पण तेव्हा ती यष्टीने जायची, आणि यष्टी ऐंशीने जात नव्हती.

आपल्या पट्ट्याविषयी चार शब्द, कारण हे कुठल्याही गाडीच्या पुस्तकात साडीवालीसाठी लिहिलेलं नसतं. खालची पट्टी पोटावर नव्हे, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर घट्ट हवी. निऱ्यांचा फुगा तिच्याखाली राहिला तर पट्टा सैल पडतो. बसल्यावर निऱ्या हाताने सपाट करून मग पट्टा ओढा. पदर पट्ट्याच्या खाली घेऊन एका बाजूला खोचा. खांद्यावरची पट्टी काखेतून घ्यायची नाही, छातीच्या मधून यायला हवी. दिवस गेलेल्या बाईनेही पट्टा बांधायचाच : खालची पट्टी पोटाच्या खाली, वरची पोटाच्या बाजूने. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधायचा असा कायदाच आहे, आणि चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा मुलांच्या सीटविना दिसलं तर एक हजार रुपये दंड २०१९च्या दुरुस्तीने लावला आहे. दंडाचं सोडा, पण घरात हट्ट धरायला कायद्याचं नाव बरं पडतं.

छपराच्या काचेचंही बोलते. वरातीत, जत्रेत मुलांना तिच्यातून बाहेर उभं करतात. मूल अर्धं आत आणि अर्धं बाहेर. नुसता ब्रेक दाबला तरी ते काचेच्या कडेवर आपटेल, लोंबती तार आली तर विचारूच नका. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला अशा गाड्या गर्दीतून निघतात तेव्हा माझा जीव खालीवर होतो. त्या काचेचं बटण मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आणि अंगण! सफारी ४६६८ मिलिमीटर लांब, १९२२ रुंद आणि १७९५ उंच. आपल्या भाषेत सव्वापंधरा फुटांहून जास्त लांब, आरसे सोडून सव्वासहा फुटांहून जास्त रुंद आणि जवळजवळ सहा फूट उंच. गल्ली, फाटक, पोर्चचा पत्रा, वाळवणाची जागा, सगळं टेपने मोजून मगच हो म्हणा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॉनेटची कड मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर येते. तिच्यापुढे बसून मातीत खेळणारं दोन वर्षांचं मूल चालवणाऱ्याला दिसतच नाही, मागेही तसंच. कॅमेरा असतो, पण त्याच्यावर चिखल बसतो. गाडी सुरू होण्याआधी घरातली सगळी लहान मुलं कुणाच्या तरी हाताला धरलेली पाहिजेत. हा नियम आम्ही गाडी यायच्या आधीच ट्रॅक्टरसाठी लावून टाकला आहे. महागड्या गाडीत रडार आणि कॅमेरा बघून आपोआप ब्रेक लावायची सोय मिळते. चांगली आहे. पण रात्री दिवा नसलेली उसाची ट्रॉली, आडवी येणारी म्हैस, आणि आमच्या जुन्नर भागात रस्ता ओलांडणारा बिबट्या, या सगळ्यांचा भरवसा यंत्रावर टाकून झोपणं काही खरं नाही.

डिझेल घ्यायचं का, असं मला दोघी-तिघींनी विचारलं. २०२०च्या एप्रिलपासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. तिच्यात साठलेली काजळी जळून जायला धुराडं खूप तापावं लागतं, त्यासाठी गाडी मधूनमधून सलग वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगाने चालायला हवी. घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढंच रोजचं फिरणं असेल तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि बिल येतं. तेव्हा तुमचं फिरणं गावातल्या गावात असेल तर मोठी डिझेल गाडी शोभेची ठरेल. आमचं मात्र आठवड्याला पुणे-नाशिक असतं. कंपनी गिअरवाल्या गाडीला लिटरला सोळा आणि ऑटोमॅटिकला साडेचौदा किलोमीटरच्या आसपास सांगते. घाट, एसी आणि सात माणसं धरून मी मनात त्याहून कमीच लिहून ठेवलं आहे.

टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड असताना तपासायची. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं, माणसं भरली की वेगळा आकडा असतो तोही तिथेच. खाचा झिजून १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर बाद. कायदाही तेच सांगतो आणि माळशेजचा पाऊसही.

आता राहिलं ते चालवायचं. एवढी मोठी गाडी बाईला कशी झेपेल, असा प्रश्न ऐकू येतो. स्टिअरिंगला जोर यंत्र लावतं, आपण नाही. ट्रॅक्टरपेक्षा ती हातात पुष्कळ हलकी असते. सीट वर-खाली, पुढे-मागे होते, स्टिअरिंगही सरकतं. छाती आणि स्टिअरिंग यांत दहा इंच तरी अंतर ठेवा, एअरबॅग उघडायला जागा हवी. बॉनेटचं टोक दिसेल इतकी सीट उंच घ्या, तिन्ही आरसे आपल्या डोळ्यांच्या उंचीला लावून घ्या, आणि चपला सपाट हव्यात. टाच सुटी असलेली चप्पल पेडलखाली अडकते. मी भाऊजींना सांगून ठेवलं आहे, गाडी आली की पहिला आठवडा सकाळी सहाला आळेफाट्याच्या सरळ रस्त्यावर मी चालवणार. भाजीच्या गाड्या तोवर पुढे गेलेल्या असतात.